गार्डाची गाठ

"बघ, गाठ अशी मारायची असते." बाबांनी चंद्रीचं दावं खुंट्याला तीन वेढे घालून करकचून ओढलं आणि हात झटकले. "तीस वर्षं गार्डाची नोकरी केली मी. एक वेळ गाडी सुटेल, पण पेत्रस मकासरेची गाठ सुटायची नाही."

चंद्री म्हणजे आमची शेळी. काळी कुळकुळीत, कपाळावर पांढरा ठिपका, आणि स्वभावानं अस्सल भामटी. आदल्याच आठवड्यात तिनं माझ्या वाळत घातलेल्या पातळाचा पदर चावून गिळला होता. पण दोन्ही वेळा न चुकता दूध द्यायची, म्हणून सगळे गुन्हे माफ.

मला तेव्हा सातवा महिना होता. अंगात रक्त कमी. तालुक्याहून येणाऱ्या नर्सबाईंनी माझी पापणी खाली ओढून बघितली आणि म्हणाल्या, "रोज दोनदा दूध पोटात गेलंच पाहिजे. नाहीतर बाळाचं काही खरं नाही." आता भोकरवाडीसारख्या गावात विकतचं दूध कुठून आणायचं? ज्याच्या दारात जनावर, त्याच्या घरात दूध. मी सोलापूरला पत्र टाकलं आणि आठ दिवसांत बाबांनी एका माणसाबरोबर चंद्रीला पाठवून दिलं. त्या घरात 'हे माझं' म्हणावं अशी तेवढी एकच वस्तू उरली होती.

उरली होती म्हणते, कारण बाकीचं सगळं आमच्या साहेबांनी वाटून टाकलं होतं. हे भोकरवाडीच्या ख्रिस्ती मंडळीचे नवे पाळक. आम्हाला येऊन आठ महिने झाले होते. त्या आठ महिन्यांत लग्नातली सतरंजी गेली, माझ्या आईनं दिलेली रग गेली, स्टोव्ह गेला. "अहो, स्टोव्ह कुठाय?" विचारलं की हे म्हणायचे, "अगं, त्या रंगूबाईच्या घरी चूल पेटवायला लाकूड नाही. आपल्याला देव पुरवील." मी म्हणायची, "देव पुरवील हो! पण तोवर धूर माझ्या डोळ्यांत जातोय ना!" हे हसायचे. ह्यांच्या हसण्यावर भांडण करणं म्हणजे पाण्यावर काठी मारणं.

बाबा शनिवारी आले ते एक चिठ्ठी घेऊनच. सोलापूरच्या एका शाळेत मास्तरची जागा रिकामी होती, बाबांनी शब्द टाकला होता. पक्की नोकरी, राहायला खोली, समोर दवाखाना. बाबांनी ह्यांना तोंडावर सांगितलं, "जावईबापू, सेवा करायची तर सोलापुरात काय पापी कमी आहेत? पोरीचे गाल बघा कसे बसलेत." हे शांतपणे म्हणाले, "मामा, एलिशिबा म्हणेल तसं. तिनं हो म्हटलं तर मी राजीनामा देतो."

आणि मी मनात हो म्हणून बसले होते. फक्त रविवारी कापणीचा सण होता. ह्यांचा इथला पहिलाच सण, त्याला गालबोट नको, म्हणून ठरवलं होतं की सोमवारी सकाळी चहा झाला की बोलायचं.

कापणीचा सण म्हणजे काय ते सांगते. ज्वारी निघाली की मंडळी आपापल्या शेतातलं, परसातलं पहिलं पीक देवळात आणते. कणसांच्या पेंढ्या, ऊस, हरभऱ्याचे ढाळे, वांगी, अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या, सगळं वेदीपुढे मांडायचं. ज्याचं अर्पण वेदीशी पोचलं त्यानं आपल्या जागी उभं राहायचं, पाळकानं प्रार्थना करायची, आणि एकदा 'आमेन' झालं की ती वस्तू देवाची. मग उपासना संपली की अंगणात लिलाव. आणि भोकरवाडीची तऱ्हा अशी की तिथली बोली रुपयांत होत नसे, ज्वारीत होत असे. नोटा होत्या कुणाकडे? आलेली ज्वारी देवळाच्या कोठीत पडायची आणि उन्हाळ्यात ज्याच्या घरचं संपेल त्याला मिळायची.

नव्या पाळकाच्या घरून काय येतंय, याकडे सगळ्या गावाचं लक्ष होतं. आमच्याकडे होतं काय? एक लाल भोपळा. तोही गुरुवारी शेजारच्या मार्थाबाईंनीच आम्हाला दिलेला. तो पदराखाली झाकून मी देवळाकडे निघाले, तर कुंपणापाशी येशूदास भांबळ उभा.

हा येशूदास मंडळीचा पंच. गावातला बरा शेतकरी, पण कंजूष. म्हणजे मी तरी त्याला कंजूष ठरवला होता. त्याच्या सुनेला बाळ झालं तेव्हा बाराव्या दिवशी मी प्रार्थनेला गेले होते. आतून बाळाचं किरकिरणं ऐकू येत होतं आणि बाहेर मला चहा दिला तो कोरा! पाळकाची गर्भार बायको दारात आलेली, आणि कोरा चहा! गोठ्यात गाय बांधलेली मी माझ्या डोळ्यांनी बघितली. घरी आल्यावर ह्यांना म्हटलं, "असल्या माणसाच्या हातून देवाला तरी काय सुटत असेल?"

वर आणखी एक. गेले पंधरा दिवस तो रोज संध्याकाळी शेतावरून येताना आमच्या कुंपणाशी थांबायचा आणि चंद्रीकडे टक लावून बघत राहायचा. बोलायचं काही नाही, नुसतं बघायचं, आणि मी बाहेर आले की "सलाम, पाळकीणबाई" म्हणून चालू पडायचं. आम्ही ख्रिस्ती माणसं नजरबिजर मानत नाही. तरी एका संध्याकाळी ह्यांची पाठ वळल्यावर मी चंद्रीच्या गळ्यात काळा दोरा बांधला. देवाला म्हटलं, तू माफ कर, पण ह्या माणसाचे डोळे तू बघितले नाहीस.

त्या सकाळीही तो तसाच बघत होता. मी म्हटलं, "चला भांबळकाका, घंटा झाली." तो दचकला आणि मुकाट्यानं पुढे झाला.

देऊळ गच्च भरलं होतं. ढोलकी, झांजा, त्यात कोंबड्यांचं कॅं-कॅं. ह्यांनी प्रवचनात 'ऐका' म्हटल्यावर बरोब्बर एका कोंबडीनं अंडं घातलं, तर पोरं हसून हसून बाकांखाली गेली. बाबा माझ्या शेजारी रेल्वेच्या काळ्या कोटात ताठ बसले होते. त्यांना हे सगळं बाजारासारखं वाटत होतं.

अर्पणाचं गीत सुरू झालं. एकेक घर उठून जायचं, ठेवायचं, उभं राहायचं. मी भोपळा ठेवून आले, उभी राहिले, आमेन झालं, बसले. बायकांनी भोपळ्याकडे बघितलं, मग मार्थाबाईंकडे बघितलं, मग एकमेकींकडे. भोपळा ओळखला गेला होता! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात मागच्या दारातून टक टक टक टक आवाज आला. शहाबादी फरशीवर खुरांचा. सगळ्यांच्या माना वळल्या. मधल्या वाटेनं, जशी काही नवरीच, चंद्री चालत येत होती. गळ्यातलं दावं मागे फरपटत होतं. ती कुठे थांबली नाही, कुणाकडे बघितलं नाही. सरळ वेदीपाशी गेली आणि ज्वारीच्या पेंढीत तोंड खुपसलं.

मी ताडकन उठून उभी राहिले. तिला पकडायला, दुसरं काय! पण आमच्याकडे अर्पण वेदीशी पोचलं की उभं कोण राहतं? ज्याचं अर्पण तो.

"हालेलुया!" मोशे लोंढे ओरडला. हा गावचा सुतार, लिलाव पुकारणारा, आवाज असा की घंटेची गरज नाही. "पाळकीणबाईंनी दुभती शेळी वाहिली!"

"अगं बाई! पोटुशी असून?"

"आधी भोपळा ठेवून कशी गप बसली बघा! ह्याला म्हणतात उजव्या हाताचं डाव्या हाताला न कळणं!"

टाळ्या, झांजा, ढोलकीवाल्याच्या तर अंगात आलं. मी तोंड उघडलं, पण त्या गजरात कोण ऐकणार! आणि समोर हे. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि ह्यांचे डोळे भरून आले. दीड वर्षाच्या संसारात ह्या माणसानं माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. ह्यांनी चंद्रीच्या डोक्यावर हात ठेवला, प्रार्थना केली, आणि आख्खं देऊळ गरजलं, "आमेन!"

संपलं. शेळी देवाची झाली.

बाबा माझ्या कानाशी कुजबुजले, "तू दिलीस? मी पाठवलेली शेळी?"

"नाही हो बाबा! सुटून आली ती!"

"अशक्य! गाठ मी मारली होती."

"मग ती गाठ घेऊन आली का? दावं बघा ना मागे!"

बाबा लालबुंद झाले. "बस खाली. रडू नकोस. लिलावात सोडवून आणतो. खिशात पैसे आहेत."

अंगणात चिंचेखाली लिलाव सुरू झाला. वांगी गेली, अंडी गेली, भोपळा मार्थाबाईंनीच दोन पायल्यांना परत घेतला आणि जाताना माझ्याकडे बघून गोड हसल्या. शेवटी मोशेनं चंद्रीला पुढे ओढलं. "बोला! दुभती शेळी, पाळकाच्या दारची! पाच पायल्या? कोण म्हणतं पाच?"

बाबा उठले, कोट नीट केला आणि गार्डाच्या आवाजात म्हणाले, "शंभर रुपये!"

मोशे अदबीनं म्हणाला, "पाव्हणं, नोटा खिशात ठेवा. हितं बोली ज्वारीची."

"अरे, शंभराची ज्वारी विकत घे की मग!"

"कुणाकडनं घिऊ? ज्यानं त्यानं आपली देवाला दिली, उरली ती पोरांची. बोला, पाच पायल्या!"

"सात!" "दहा!" बोली सुरू झाली. प्रत्येकाला पाळकीणबाईंच्या शेळीचा मान वाढवायचा होता. मला वाटलं, अरे देवा, ह्यांच्या प्रेमातच माझी शेळी चालली. बाबा ह्याच्याकडून त्याच्याकडे फिरत होते. "भाऊ, एक पोतं द्या, पैसे रोख." "बाई, एक पोतं?" लोक हसून हात जोडत होते. शेवटी रंगूबाईला, तीच आमच्या स्टोव्हवाली, त्यांची दया आली. "माझ्या भावाकडनं देवविते एक पोतं. म्हणा तुम्ही."

"एक पोतं!" बाबांनी झेंडा दाखवावा तसा हात वर केला.

एका शेळीला एक पोतं म्हणजे भरपूर झालं. मोशेनं चौफेर बघितलं. "एक पोतं एक वार... एक पोतं दोन वार..."

"तीन पोती."

आवाज मोठा नव्हता. चिंचेच्या बुंध्याला टेकून येशूदास भांबळ उभा होता. खाली बघत.

"किती?" मोशेलाच खरं वाटेना.

"तीन म्हनलं ना. तीन पोती."

तीन पोत्यांत तीन शेळ्या आल्या असत्या. ज्याच्या घरी मला दुधाचा थेंब मिळाला नाही, तो माणूस तीन पोती ज्वारी द्यायला निघाला होता! माझ्या डोक्यात एकच आलं. नजर ठेवून होता मेला, शेवटी घेतलीच. बाबांनी रंगूबाईकडे बघितलं, तिनं नाही म्हणून मान हलवली. मोशेनं "तीन वार!" म्हणून थाळी वाजवली. येशूदासनं दावं हातात घेतलं आणि चंद्रीला घेऊन निघाला. ती बयाही मागे वळून न बघता गेली.

दुपारी आमच्या घरात कुणी धड जेवलं नाही. बाबा खुंट्यापाशी उकिडवे बसून मातीत काहीतरी शोधत होते, जणू गाठ तिथे सांडली होती. हे मात्र तरंगत होते. "एलिशिबा," हे हळूच म्हणाले, "मला माहीत होतं गं, तुझ्या मनात आहे. नुसती जीभच तिखट." कसं सांगू ह्यांना? सांगितलं असतं तर ते डोळे पुन्हा कधी तसे झाले असते का? मी म्हटलं, "तुम्ही जरा पडा," आणि चुलीपाशी जाऊन मनसोक्त रडले. ठरवलं, आता सोमवारची वाट कशाला? दिवेलागणीला सांगायचं. शेळी नाही, दूध नाही, मी जाते सोलापूरला, तुम्हीही चला.

ऊन उतरलं आणि मी बोलायला तोंड उघडणार, तोच दारात "सलाम" ऐकू आला. येशूदास भांबळ. हातात झाकण लावलेला तांब्या.

बाबा उठून उभे राहिले. "आता काय राहिलंय?"

येशूदासनं त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. तो ओसरीवर आला, तांब्या माझ्यापुढे ठेवला आणि खालीच बसला. एवढा मोठा पंच, माझ्या पायांशी जमिनीवर.

"पाळकीणबाई, येकच सांगा. तुमाला कळलं कसं?"

"काय कळलं?"

"म्या तर कुनालाच बोललो न्हवतो. घरच्या मान्सांनासुदिक तंबी दिल्ती." त्यानं पंच्यानं तोंड पुसलं. "नातू तीन हप्त्यांचा झाला. सुनेला दूधच आलं न्हाई. गाय तर सा महिन्यांपासनं आटलेली. हिकडून तिकडून आनून पाजलं, ते पोराला पचंना, वकून टाकायचं. नर्सबाई म्हनल्या, शेळीचं पाजा. दोन बाजार फिरलो, दुभती शेळी न्हाई घावली. पोराचं रडनंबी बारीक झालं व्हतं वो बाई. काल तर रडलंच न्हाई."

मला कोरा चहा आठवला. त्या घरात दूध नव्हतंच! जे नव्हतं ते मला कुठून देणार होते?

"मग आमच्याकडे का नाही मागितलंत?" हे कळवळून म्हणाले. "रोज तर दारावरून जात होतात!"

"कसं मागू, साहेब? बाईंची ही अवस्था. त्यांच्या बापानं त्यांच्यासाठी धाडलेली शेळी. रोज यायचो मागायला, आन् बाईंचं त्वांड बघून परत जायचो. ह्यांच्या लेकराच्या तोंडचं काढून माझ्या नातवाला कसं घालू? मग देवालाच म्हनलं, म्या काय मागत न्हाई. तुला दिसतंय तर तू बघ." तो माझ्याकडे वळला. "आन् आज सकाळी तुमी शेळी वेदीवर धाडली. म्हंजे तुमाला त्यानंच सांगितलं. हो ना?"

ओसरीवर तिघं पुरुष माझ्याकडे बघत होते. ह्यांचे डोळे तर पुन्हा सकाळसारखे. नुसती मान डोलावली असती तर जन्मभर मी भोकरवाडीची संत ठरले असते. आणि हो, मला मोह झाला. खोटं कशाला बोलू, फार झाला. पण हा माणूस माझ्या पायांशी बसला होता, आणि मी त्याच्या नजरेसाठी काळा दोरा बांधला होता.

"नाही हो काका," मी म्हटलं आणि मला रडू फुटलं. "मी नाही पाठवली. मी कधीच दिली नसती. शेळी सुटून आली, मी तिला पकडायला उठले, आणि लोकांना वाटलं... अहो, तुम्ही घेतलीत तेव्हा मी मनात तुम्हाला शिव्या दिल्या. ती नुसती सुटली होती."

ह्यांच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

येशूदासनं पंचा खांद्यावर टाकला. मग त्यानं विचारलं, "बांधलेली न्हवती व्हय?"

"बांधलेली होती."

"कुनी बांधल्ती?"

"मी," बाबा म्हणाले. "मी स्वतः बांधली होती. तीन वेढे देऊन. तीस वर्षांत माझी गाठ कधी सुटली नाही."

"मग तर झालंच की," येशूदास म्हणाला. "सोडली कुनी?"

बाबा हळूच ओसरीच्या कडेला बसले आणि आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिले.

येशूदास उठला. तांब्याकडे बोट करून म्हणाला, "पोराला अर्धं पुरतंय. पयल्यांदा पोटभर प्यालं आन् झोपलं. उरलेलं तुमचं. सकाळ-सांजच्याला माझी मानसं आनून देतील. तुमी धार बी काढू नगा, वाकायचं न्हाई तुमी आता." दोन पायऱ्या उतरला आणि थबकला. खिशातून काहीतरी काढलं. "आन् हां, हे शेळीच्या गळ्यात व्हतं. तुमचं असंल तर ठिवा."

काळा दोरा.

हे त्या दोऱ्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. मला वाटलं, धरणीमाते, पोटात घे. आणि हे हसायला लागले. असे हसले, असे हसले की येशूदासही हसला, बाबाही हसले, आणि मी रडता रडता हसले. "मला वाटलं तुम्ही रागवाल," मी ह्यांना नंतर म्हटलं. "सकाळी वाटलं माझी बायको उदार आहे," हे म्हणाले, "संध्याकाळी कळलं की खरं बोलते. तोटा काय झाला?"

अंधार पडायच्या आत मी येशूदासच्या घरी गेले. त्याच्या सुनेनं बाळाला माझ्या मांडीवर दिलं. मुठीएवढं तोंड, पण बोंडल्यातलं दूध कसं ओढत होतं! माझ्या पोटातल्यानंही तेवढ्यात एक लाथ मारली. मी म्हटलं, थांब रे, तुझाही वाटा घरी तांब्यात आहे.

सोमवारी सकाळी चहा झाला. दुधाचा. बाबांनी विचारलं, "मग पोरी? चिठ्ठीचं काय?"

"बाळंतपणाला येईन बाबा," मी म्हटलं. "पण दोन महिन्यांनी परत सोडायचं. आणि ह्यांचं बिऱ्हाड इथेच राहील."

मला वाटलं बाबा चिडतील. त्यांनी चिठ्ठी काढली, दोनदा दुमडली आणि उठून माझ्या चुलीत टाकली. "चूल धुमसतेय तुझी," एवढंच म्हणाले. मग एस.टी.ला निघताना रंगूबाईच्या घराकडे वळले. घरात गेले ते आपल्या कोटात आणि बाहेर आले ते नुसत्या सदऱ्यात. तिच्या म्हाताऱ्याला थंडी वाजून ताप भरला होता म्हणे. मी ह्यांना म्हटलं, "बघा, तुमचा रोग माझ्या बापाला लागला!"

पुढच्या पंधरवड्यात सोलापूरहून एक माणूस उतरला. बरोबर दुसरी शेळी, पांढरी, आणि एका फडक्यात गुंडाळलेली चांगली जाडजूड लोखंडी साखळी. सोबत बाबांचं पत्र, दोन ओळींचं. 'चि. एलिशिबास आशीर्वाद. ही साखळी वापर. माझ्या गाठीवर आता माझाच भरवसा नाही.'

त्याला आता चाळीसच्या वर वर्षं झाली. बाबा गेले, येशूदास गेला. जो चंद्रीचं दूध प्याला तो शिमोन भांबळ आता कापणीच्या सणाला लिलाव पुकारतो आणि मोशे लोंढेपेक्षा मोठ्यानं ओरडतो. बोली अजून ज्वारीतच होते. साखळी देवळाच्या घंटेला लावली आहे. दोर तुटला होता, म्हटलं वाया कशाला जाऊ द्यायची.

शेळ्या मात्र माझ्या दारात कायम दोरीनंच राहिल्या. गाठ मी स्वतः बांधते. सैलच बांधते.